बर्व्यांच्या डायनिंग टेबलावरचं फिनलंड

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. फ्रीजमध्ये उरलेल्या चटणीच्या वाट्या कशा आपोआप मागे मागे सरकत जातात, आणि एक दिवस दार उघडून आपणच विचारतो, ही कधीची? तसंच. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या मजल्यावर एका वर्षात इतके किस्से साठले की अजून पुरतात. आणि सगळे आले कुठून, तर फिनलंडहून! मी दहावी झालेली बाई. फिनलंड वर आहे की खाली, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आधी माणसं सांगते. मी सावंतकाकी. आमचे हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. शेजारच्या दारात पुण्याचे बर्वे, म्हणजे प्रसाद, मीरा आणि त्यांची नऊ वर्षांची इरा. खालच्या मजल्यावर रुखसाना परकार, रत्नागिरीकडची. तिचा नवरा देऱ्याच्या धक्क्यावर, लाकडी जहाजांवरून माल पाठवायच्या धंद्यात. झाली माणसं. बाकी बिल्डिंग मोठी होती, पण ती रिकामी होत चालली होती.

दोन हजार नऊ साल उजाडलं होतं, मंदीचं. क्रेन उभ्या होत्या पण हलत नव्हत्या. आमच्या लिफ्टमध्ये रोज नवीन चिठ्ठी चिकटलेली असायची, ‘लीव्हिंग दुबई, सोफा फॉर सेल’. प्रसाद न बांधलेल्या टॉवरच्या जाहिराती बनवायच्या कंपनीत होता. टॉवर थांबले, मग जाहिराती कसल्या करणार? आदल्या डिसेंबरातच त्याला घरी बसवलं होतं. मीरा चिठ्ठी लिहायला घेतेय की काय, याकडे माझं बारीक लक्ष होतं. चांगला शेजार एकदा गेला की पुन्हा मिळत नाही.

* * *

जानेवारीत एका सकाळी बर्व्यांकडून गाण्याचा आवाज येऊ लागला. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं. सुरू झालं, बंद झालं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं अकरा वेळा. मी मोजलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटीत लिंबाचं लोणचं घातलं आणि बेल वाजवली. हातात वाटी असली की कुठल्याही घरात का आलात म्हणून विचारत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पाहते तर डायनिंग टेबलावर दोन लॅपटॉप, कागद, आणि दोघं नवराबायको घामाघूम. प्रसादने सांगितलं ते असं. फिनलंडमध्ये दर आठवड्याला कुठलं गाणं पहिल्या नंबरावर, याची यादी निघते. त्यासाठी रेडिओवर कुठलं गाणं किती वेळा वाजलं, हे मोजावं लागतं. ती मोजणी करणाऱ्या तिकडच्या एका कंपनीचं काम त्याला जुन्या ओळखीतून मिळालं होतं. रेकॉर्डिंग इथे यायचं, ऐकायचं आणि शीटवर लिहायचं, अमुक गाणं इतक्या वाजता सुरू, इतक्या वाजता खलास. करार एक वर्षाचा. तो टिकला तर बर्वे दुबईत टिकणार, नाहीतर पुणे.

“पण काकी, सगळी गाणी सारखीच वाटतात हो,” मीरा रडकुंडीला आली होती. “आत्ताचं हे कुठलं, तेच कळेना.”

मी म्हटलं, हे काल साडेदहाला वाजलं होतं. त्याआधी ढोलवालं होतं, आणि त्यानंतर तुझा कुकर झाला.

दोघांनी शीट काढून पाहिलं. बरोबर निघालं.

“काकी, तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होता?” प्रसादने विचारलं.

“अरे, वर्षभर तेच तर करतेय,” मी म्हटलं.

त्याने मला त्याच दिवशी कामावर घेतलं. तासाला दहा दिरहम, म्हणजे तेव्हाचे एकशेतीस रुपये. ज्या सवयीवरून आमच्या ह्यांनी मला वीस वर्षं टोमणे मारले, तिचे पैसे मिळू लागले! त्या दिवसापासून हे गप्प.

* * *

पुढच्या महिन्यात मी रुखसानालाही ओढलं. ती आधी नको नको म्हणत होती, इंग्रजी येत नाही म्हणून. मी म्हटलं, अगं, फिनलंडवाल्यांनाही तिथे इंग्रजी कुठे लागतंय? चल तू.

आता प्रश्न आला गाण्यांच्या नावांचा. त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं. वाचता येईना आणि लक्षातही राहीना. मग आम्ही गाण्यांची घरची नावं ठेवली. तीन शिट्ट्यांनी सुरू व्हायचं ते ‘कुकर’. धांगडधिंगा करत यायचं ते ‘वरात’. संपलं संपलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचं ते ‘सासूबाई’. रुखसानाने एकाला ‘ओहोटी’ नाव दिलं, आणि खरंच, त्या बाईचा आवाज असा मागे मागे जायचा की पायाखालची वाळू सरकल्यासारखं व्हायचं. आमची शीटं या नावांनी भरायची. मग प्रसाद त्यांची खरी नावं टाकून इन्शाल्ला म्हणायचा आणि पाठवायचा.

एका गुरुवारी इराला ताप होता. गडबडीत प्रसादने नावं न बदलताच शीट पाठवलं. म्हणजे फिनलंडमध्ये त्या आठवड्याचा पहिला नंबर कुकर, दुसरा वरात, तिसऱ्यावर सासूबाई.

उत्तर लगेच आलं. पाउला म्हणून तिकडच्या मॅडम होत्या, करार त्यांच्याच हातात. त्यांनी लिहिलं होतं की कुकर आणि वरात हे कलाकार आमच्याकडे नोंदलेले नाहीत, कृपया त्यांची माहिती पाठवावी.

प्रसाद पांढराफटक पडला. त्याने दोन तास खपून उत्तर लिहिलं, की हे आमचे इंटर्नल कोड आहेत, सिक्युरिटीसाठी. पुढचे चार दिवस आम्ही दर तासाला मेल उघडून पाहत होतो.

पाचव्या दिवशी पाउलाची मेल आली. एकच ओळ होती. “या आठवड्यात कुकर टिकेल असं वाटतं का?”

* * *

कुकर सहा आठवडे टिकला. त्याला खाली ओढणारं गाणं आलं मे महिन्यात, आणि त्याने मीराची दैना केली. हळू सुरू व्हायचं, एक पुरुष बोलल्यासारखा गायचा, आणि शेवटी नुसता श्वास सोडायचा. शब्द एकही कळत नव्हता, तरी मीरा दर वेळी डोळे पुसायची. दिवसातून चौदा-पंधरा वेळा वाजायचं म्हणजे चौदा-पंधरा वेळा पुसायची. टिशूचा डबा टेबलावरच ठेवलेला.

त्याचा अर्थ काय असेल, यावर आमचे तीन पक्ष झाले. मी म्हणायचे त्याची आई गेली. मीरा म्हणायची मुलगी सासरी निघालीय. रुखसाना म्हणायची, त्याचा व्हिसा संपलाय.

मला अशा गोष्टींचा छडा लावल्याशिवाय जेवण जात नाही. किराणा दुकानात एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा दही घेताना दिसला, त्याला गाठून मी विचारलं, फिनलंड? तो म्हणाला, पोलंड. तरी मी त्याला थोडं गुणगुणून दाखवलं. त्याने नम्रपणे दही खाली ठेवलं आणि दुकानाबाहेर गेला.

शेवटी शाळेतून आलेल्या इराने खऱ्या नावावरून कॉम्प्युटरवर गाण्याचे शब्द शोधले आणि भाषांतर काढलं. आम्ही तिघी तिच्यामागे उभ्या.

“इट्स जस्ट अबाऊट अ गाय सेलिंग हिज कार, मम्मा,” ती म्हणाली. “दॅट्स इट.”

मी हसणार होते. पण मीरा खुर्चीत बसली. त्याच आठवड्यात प्रसादने त्यांची गाडी विकली होती.

“गाडी विकतोय म्हणजे जाणारच ना तो,” ती म्हणाली.

रुखसानाने टिशूचा डबा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाली, “बघ गो, मी बोललेली ना? व्हिसा.”

* * *

त्या वर्षी गणपती आणि रमजान एकदमच आले. बर्व्यांकडे दीड दिवसाचा गणपती. खिडक्या बंद, टाळ्या हलक्या हाताने. आम्ही दहा-बारा जण. पहिली आरती सुरू झाली तशी माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सवयच लागली होती. नजर खाली आणली तर मीराही घड्याळाकडेच पाहत होती.

आरती संपली. सगळे हात जोडून डोळे मिटून उभे. त्या शांततेत मागून आवाज आला, “तीन मिनिटं चाळीस.”

ते प्रसाद बर्वे. निरंजन अजून त्याच्या हातात होतं.

* * *

रमजानचं वेगळंच झालं. रोजे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रुखसाना माझ्याकडे आली आणि म्हणाली, वहिनी, महिनाभर मी गाणी ऐकणार नाही. जमणार नाही मला.

मी प्रसादला सांगितलं. तो डोकं धरून बसला, कारण तिघींचं काम दोघींत होणारं नव्हतं आणि नवीन माणूस आणायचा कुठून? पण रुखसानाने तोड आधीच काढून आणली होती. रेडिओवर गाण्यांखेरीज बातम्या असतात, हवामान असतं, जाहिराती असतात, निवेदक बडबडतो. ते कधी सुरू झालं, कधी संपलं, हेही शीटवर लिहावं लागायचं. ती म्हणाली, गाण्याची सुरुवात आली की मी थांबते आणि पुढच्या बडबडीला जाते. बोलणं सगळं माझं, गाणी तुमची.

आणि तसंच केलं. महिनाभर रुखसानाने फिनलंडच्या फक्त बातम्या ऐकल्या. ईदचा शीरखुर्मा घेऊन आली तेव्हा मी चेष्टेने विचारलं, काय गं, काय चाललंय तिकडे?

ती गंभीरपणे म्हणाली, “सकाळवाला माणूस सुखात नाय, वहिनी.”

मी म्हटलं, भाषा कळत नाही आणि सुखात नाही हे कसं कळलं?

“तुम्ही पण ऐकून बघा,” ती म्हणाली.

मग आम्ही तिघी ऐकू लागलो. काम सांभाळून हं. पण एकदा कान लागल्यावर तो काढता येतो का? सकाळी सहा ते दहा हा माणूस बोलायचा. आवाज गोड, थोडा घोगरा. ऑक्टोबरपर्यंत त्याला सर्दी कधी झाली, तो सुट्टीवर कधी गेला, दाढ कधी दुखली, सगळं आम्हाला ठाऊक झालं. आणि नोव्हेंबरात त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती आम्ही आपसांतच ठेवली. शीटवर त्यासाठी रकाना नव्हता.

* * *

डिसेंबरात पाउलाची मेल आली, की करार संपत आलाय, पुढचं ठरवायला मी स्वतः दुबईला येते आणि तुमचं लिसनिंग सेंटर पाहते.

लिसनिंग सेंटर! प्रसादने वर्षभर मेलमध्ये हाच शब्द वापरला होता. आणि ‘थ्री सीनियर लिसनर्स’. त्याने आमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. इराचे कपडे वाळत घातलेला स्टँड मी माझ्याकडे नेला. डायनिंग टेबलावरचं प्लास्टिक काढलं. आमच्या ह्यांनी स्टोअरमधून तीन खुर्च्या आणल्या, सारख्या दिसणाऱ्या. मी सिल्कची साडी नेसले. मीराने सूटकेसी पलंगाखाली ढकलल्या. त्या आठवडाभर बाहेरच उघड्या होत्या, हे मी पाहिलं होतं.

पाउला आल्या. पन्नाशीच्या, उंच, राखाडी कोट. त्यांनी डायनिंग टेबल पाहिलं, वर टांगलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर पाहिलं, आम्हाला पाहिलं. चहाला हात लावला नाही. लॅपटॉप उघडला आणि गाणी वाजवू लागल्या. दोन-दोन सेकंद फक्त.

पहिलं वाजलं. तिघींच्या तोंडून एकदम आलं, “कुकर.”

दुसरं. “सासूबाई.”

तिसरं निम्मं सेकंदसुद्धा वाजलं नव्हतं. रुखसाना म्हणाली, “ओहोटी.”

प्रसाद शेजारी उभा राहून खरी नावं सांगत होता. तीस गाणी झाली, तीसही बरोबर. मी पाउलाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काही हललं नाही.

मग त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, आणि मीराने आम्हाला सांगितलं. हे सगळं उत्तम आहे. पण जानेवारीपासून आमच्याकडे मशीन येतंय. गाणी तेच ओळखणार. यंत्राला जमणार नाही असं तुमच्याकडे काय आहे?

प्रसादने शीटांचा गठ्ठा उगीचच सरळ केला. मीरा टेबलाकडे पाहत राहिली.

मला राहवलं नाही. मी मीराला म्हटलं, सांग तिला सकाळवाल्याचं.

मीरा म्हणाली, काकी, आत्ता नको.

पण रुखसानाने आधीच शीटांचा गठ्ठा ओढला होता. “सांग गो,” ती म्हणाली. “मशीनला ह्ये जन्मात कळायचं नाय.”

मग मीराने सांगितलं. सकाळी नऊच्या बातम्या चार जण आळीपाळीने देतात. त्यातली एक खालच्या आवाजात बोलणारी बाई. ती बातम्या देते त्या दिवशी, बातम्या संपल्या की सकाळवाला एकच गाणं लावतो. आम्ही त्याला ‘मोगरा’ म्हणतो. मोगरा वसंतात दोन आठवडे पहिल्या नंबरावर होता, मग यादीतून कधीच गेला. आता दुसरं कुणी तो लावत नाही. हा लावतो. बाकीचे तिघं बातम्या देतात तेव्हा नाही, फक्त ही देते तेव्हा. एरवी गाण्याच्या सुरुवातीवर तो बडबडतो, मोगऱ्यावर एक अक्षर बोलत नाही.

मी मध्येच म्हटलं, सांग तिला, आमच्या बिल्डिंगमध्ये एवढं कळल्यावर पुढचं विचारावं लागत नाही. मीराने तेही सांगितलं. मी हसले. रुखसाना हसली.

पाउला हसल्या नाहीत.

“कुठल्या दिवशी?” त्यांनी विचारलं.

रुखसानाने शीटं काढून दाखवली. मंगळवार, गुरुवार. मंगळवार, गुरुवार. सप्टेंबरपासून.

पाउलाने एकेक शीट पाहिलं. मग म्हणाल्या, ते गाणं वाजवा. मीराने वाजवलं. पूर्ण, तीन मिनिटं बारा सेकंद. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी समोरचा चहा उचलला, तो गारढोण झालेला होता, आणि एका दमात प्यायला. शीटांची घडी घातली आणि फाईलमध्ये न ठेवता पर्समध्ये ठेवली. आम्हा तिघींशी हात मिळवला, रुखसानाशी जरा जास्त वेळ, आणि गेल्या.

दार लागलं तसा प्रसाद सोफ्यावर कोसळला.

“काकी,” तो म्हणाला, “क्लायंटशी गॉसिप केलंत तुम्ही.”

मीराने पलंगाखालच्या सूटकेसी बाहेर काढल्या. चिठ्ठीसुद्धा लिहून झाली, सोफा, वॉशिंग मशीन, इराची सायकल. मी म्हटलं, सायकल तरी ठेव. ती म्हणाली, काकी, विमानात सायकल कशी नेऊ? आठ दिवस मी त्यांच्या दाराला कान लावला नाही. आमच्या ह्यांनी मला ताप आला की काय म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात प्रसाद, हातात लॅपटॉप उघडाच, मागे मीरा. रुखसानाला खालून बोलावलं. त्याने उभ्या उभ्या मेल वाचून दाखवली.

करार आणखी एक वर्ष वाढवण्यात येत आहे. गाणी यापुढे मशीन मोजेल. तुमच्या तिन्ही सीनियर लिसनर्सनी फक्त सकाळी सहा ते दहाचा कार्यक्रम ऐकावा. शीटमध्ये एक नवा रकाना वाढवला आहे. त्यात रोज लिहावं, नऊच्या बातम्या कुणी दिल्या आणि त्यानंतर कुठलं गाणं लागलं.

“आणि खाली एक टीप आहे,” प्रसाद म्हणाला. “ही शीटं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नका. माझ्या घरच्या मेलवर पाठवा. पण रात्री नको. सकाळी सहा ते दहाच्या मध्येच पाठवा, तेव्हा घरात मी एकटी असते.”